रावसाहेबांचा उपास

उपास हे आत्म्याचे अन्न आहे, आणि ज्याला ते पचले त्याला मरणाचे भय उरत नाही. हे वाक्य मी आमच्या धुळ्याच्या घरात, ओसरीच्या दाराआड उभी राहून ऐकले. बोलणारे गृहस्थ ऑनररी मॅजिस्ट्रेट होते, डोक्याला जरीचा फेटा होता, आणि ऐकायला गल्लीतली तीसएक माणसे जमली होती. ज्याच्या सन्मानासाठी ते बोलत होते तो एक साप होता. त्याने डोके मातीत खुपसले होते आणि शेपूट वक्त्यांकडे केले होते. भाषण संपल्यावर मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्या शेपटालाच हात जोडले.

साप आमचा होता. म्हणजे माझ्या सासऱ्यांचा.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. साक्रीच्या मामलेदार कचेरीत त्यांनी अव्वल कारकून म्हणून जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे धुळ्याला राहायला आले. माझे यजमान तिथे हायस्कुलात शास्त्र शिकवत. मी मूळची पहूरची. सरकारने खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केल्यापासून पहूर एकीकडे आणि धुळे दुसरीकडे पडले होते, त्यामुळे माझ्या लग्नाला आबा शेवटपर्यंत ‘बदली’ म्हणत.

निवृत्त होताना आपल्याला रावसाहेब ही पदवी मिळेल अशी आबांची कल्पना होती. कोणी साहेब कधीतरी तसे सुचवून गेले होते. प्रत्यक्षात एक हार मिळाला आणि चांदीच्या मुठीची काठी मिळाली. काठीची मूठ चांदीची नव्हती हे पहिल्या पावसात कळले. आबा त्याबद्दल काही बोलले नाहीत. ते एरवीही फार बोलत नसत. त्याच वर्षी मार्गशीर्षात सासूबाई गेल्या, आणि मग होते तेही बोलणे बंद झाले. त्यांना जे काही सांगायचे असे ते सासूबाईंमार्फत यायचे. वरिष्ठांशी कसे बोलावे आणि हाताखालच्यांशी कसे बोलावे हे कचेरीने शिकवले होते. सुनेशी कसे बोलावे याचा नमुना तिथे नव्हता. तीन महिने मी त्यांचा आवाज फक्त पाणी मागताना ऐकला.

फाल्गुनात आमचा साक्रीकडचा वाटेकरी बाजाराला आला. शेताच्या बांधाशी खणताना त्याला एक दुतोंड्या सापडला होता, तो त्याने टोपलीत घालून आणला. हा साप तुम्ही पाहिला असेल. तपकिरी, जाड, आळशी, कोणाला न चावणारा. त्याचे शेपूट डोक्याइतकेच बोथट असते, म्हणून लोक त्याला दोन तोंडे आहेत असे मानतात. मारायचा जीव होईना, शेतात ठेवावा तर पोरे दगड मारतात, तेव्हा आबा सरकारी माणूस आहेत, ते काय ते ठरवतील, असे म्हणून तो टोपली ठेवून गेला.

आबांनी ठरवले. कचेरीतून आणलेली दप्तराची एक लाकडी पेटी रिकामी केली, तिच्यात शेतातलीच माती घातली आणि साप आत सोडला. मग पेटीवर वाकून म्हणाले, “बरी आहे का जागा?”

मी आत भाकरी थापत होते. हात तसाच परातीवर राहिला. इतक्या दिवसांनी आबा कोणाला तरी काहीतरी विचारत होते.

सरकारने आपल्याला दिली नाही ती पदवी आबांनी सापाला दिली. आठ दिवसांत सारे घर त्याला रावसाहेब म्हणू लागले. आबांनी कोऱ्या कागदांचे एक बाड शिवून रोजनामा सुरू केला. ‘रावसाहेब सकाळी मातीत होते. दुपारी बाहेर आले. प्रकृती ठीक.’ आमच्यापैकी कोणाच्या प्रकृतीची नोंद त्या घरात कधी झाली नव्हती, पण कोणाला वाईट वाटले नाही. सकाळी रोजनामा लिहून झाला की आबा पेटीशी बसून रावसाहेबांना कचेरीतल्या जुन्या हकिकती सांगत. सांगता सांगता मध्येच मला हाक मारून चहा मागत. पाण्यावरून चहावर आलो, ही माझ्या दृष्टीने प्रगती होती.

रावसाहेबांना उंदीर लागत. ते शेजारून यायचे. शेजारी धान्याचे दुकान असलेले शेठजी राहत. दोन पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेले जैन कुटुंब. शेठजी मुंगीलासुद्धा वाट देत. दुकानात उंदीर तर फार, तेव्हा ते पिंजरे लावत आणि सापडलेला उंदीर जिवंतच नोकराकडून पांझरा नदीपलीकडे सोडवत. आबांनी एकदा सांगितले की उंदीर आमच्याकडे पाठवा, आम्ही पाहून घेऊ. शेठजींनी एवढेच विचारले की आबासाहेब, तुम्ही त्याला पिंजऱ्यातून मोकळा करणार ना? आबा म्हणाले, हो, मोकळा करणार. शेठजींनी पुढे काही विचारले नाही. पिंजरा दर आठवड्याला यायचा आणि रिकामा परत जायचा, आणि त्या वेळी शेठजी नेमके पाठ करून वजने पुसत असायचे.

चैत्र-वैशाख असे गेले. ज्येष्ठात रावसाहेबांनी अन्न सोडले.

पहिल्या उंदराकडे पाहिले नाही तेव्हा रोजनाम्यात ‘भूक नसावी’ असे आले. दुसऱ्यांदा ‘कारण समजले नाही.’ तिसऱ्यांदा उंदीर पेटीत रात्रभर राहून सकाळी रावसाहेबांच्या अंगावर बसलेला आढळला, तेव्हा आबांनी नुसते ‘तपास चालू’ असे लिहिले.

त्या दिवसापासून आबांच्या ताटातली अर्धी भाकरी परत येऊ लागली.

मी प्रथम समजले की भाकरी जाड झाली. पातळ केली. मग वांग्याचे भरीत केले, ते आबांच्या फार आवडीचे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली. बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, भाजून ठेवले. पोट जड आहे, एवढे म्हणून आबा उठत. पंधरा दिवसांत त्यांचा अंगरखा खांद्यावरून घसरू लागला. वैद्य येऊन काढा देऊन गेले. काढा आबांनी घेतला, कारण तो लेखी दिला होता. भूक मात्र आली नाही. साप जेवेल तेव्हाच मी जेवेन असे ते कधीच म्हणाले नाहीत. असे बोलणारी माणसे परवडतात, त्यांना समजावता तरी येते. मी जेवणाच्या वेळी पेटीकडे आणि ताटाकडे आळीपाळीने पाहत असे, आणि मला दिसत होते की हा साप मेला तर त्याच्यामागून दुसरे कोण जाणार.

यजमानांनी शास्त्र हाती घेतले. त्यांच्याकडे सरपटणाऱ्या प्राण्यांवर एक जाड इंग्रजी पुस्तक होते. त्यात पाहून ते सांगत की कात टाकायच्या आधी साप खात नाही. रावसाहेबांनी कात टाकली, खाल्ले नाही. मग म्हणाले, फार हाताळले तर खात नाही. आबांनी आठ दिवस पेटीला हात लावला नाही, स्वतःच्या भाकरीलाही फारसा लावला नाही. शेवटी यजमानांनी मुंबईच्या एका विद्वान मंडळाला पत्र लिहिले. उत्तर तत्परतेने आले: प्रकरण मनोरंजक दिसते, नमुना स्पिरिटच्या बाटलीत घालून पाठवावा. हे पत्र यजमानांनी आबांना मोठ्याने वाचून दाखवले. त्या संध्याकाळी पूर्ण भाकरी परत आली.

मग वाटेकरी आला. पेरणी आटोपून तो तेलमिठाला धुळ्यात उतरला होता. त्याने पेटीत डोकावून पाहिले आणि इतक्या शिकलेल्या घरात ही गोष्ट कोणाला ठाऊक नसावी याचे त्याला फार नवल वाटले.

“आबा, हाई तोंड आते बंद शे,” तो म्हणाला. “सहा महिना या तोंडनी खास, सहा महिना त्या तोंडनी. तुम्ही बंद दरवाजाले ताट दाखाडी राह्यनात.” म्हणजे त्याच्या मते साप सहा महिने एका तोंडाने खातो आणि सहा महिने दुसऱ्या, आणि आम्ही बंद तोंडापुढे उंदीर धरत होतो.

आबा सरकारी माणूस. एका खानदेशाला दोन कचेऱ्या असतात आणि एका कचेरीचा अर्ज दुसरीने घेतला नाही तर तो तसाच पडून राहतो, हे त्यांनी उभ्या हयातीत पाहिले होते. सापाच्या बाबतीतही तसे असणे त्यांना अगदीच अशक्य वाटले नाही. दुसऱ्या दिवशी मी ओसरी सारवायला गेले तेव्हा आबा उकिडवे बसून रावसाहेबांच्या शेपटासमोर दुधाची वाटी धरून होते. माझी चाहूल लागताच त्यांनी वाटी खाली ठेवली आणि मांजराला हाक मारली. आमच्याकडे मांजर नव्हते.

आषाढी एकादशीला शेठजींच्या लक्षात आले की पिंजऱ्यातले उंदीर जसेच्या तसे परत येत आहेत. ते येऊन पेटीसमोर बसले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले.

“आबासाहेब, यांना चौमासा लागला,” ते म्हणाले. “जीव मारायचा सोडला. आमच्या घरात साठ वर्षांच्या माणसाला जमत नाही.”

आबांनी तेही रोजनाम्यात घेतले, ‘शेठजींचे म्हणणे’ असे वर लिहून. पण शेठजींचे म्हणणे दुकानात गेले आणि दुकानातून पेठेत गेले. ती वर्षे अशी होती की देशात उपोषणाला मोठा मान होता. तुरुंगात कोणी अन्न सोडले की गावोगाव सभा होत. सभेला जायची ज्यांना नोकरीमुळे भीती वाटे त्यांना सापाच्या उपोषणाला यायला काहीच हरकत नव्हती. लोक नारळ घेऊन येऊ लागले. रावसाहेब दिवसेंदिवस लठ्ठ होत होते, तेही लोकांनी तपाच्या खाती घातले. उपासाने अंग धरणे आमच्याकडे नवीन नव्हते. साबुदाणा, शेंगदाणे आणि तूप यांवर आषाढ-श्रावण काढलेल्या अनेक बायका मी पाहिल्या होत्या. पण साबुदाण्याशिवाय लठ्ठ होणारा मी हा पहिलाच पाहत होते. आणि मग ऑनररी मॅजिस्ट्रेट आले. त्यांच्याबद्दल वर सांगितलेच आहे. ते बोलत होते तेवढा वेळ मी दाराच्या फटीतून आबांकडे पाहत होते. आपल्या दारात फेट्यातला माणूस भाषण करतो आहे याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. ते खांबाला टेकून उभे होते आणि खांब त्यांच्यापेक्षा जाड दिसत होता.

ही हकिकत पिंप्राळ्याला कळली. तिथे माझी थोरली नणंद दिलेली, जळगावपासून कोसभर. आम्ही त्यांना अक्का म्हणत असू. सहा मुलांची आई, बोलायला स्पष्ट. श्रावण लागताच त्या धाकट्या दोघांना घेऊन आल्या. बापाला पाहून दारातच थबकल्या, मग पेटीकडे गेल्या, आणि पाय धुवायच्या आधी निकाल देऊन मोकळ्या झाल्या. दुतोंड्या चाटला तर अंगावर कोड फुटते. आणि श्रावणात घरात साप मेला तर त्याचे पाप फेडता फेडता घर बसते. नागपंचमी झाली की दुसऱ्या दिवशी त्याला जिथून आणला तिथे सोडून यायचे.

आबांनी वाद घातला नाही. वरून हुकूम आला की त्याची अंमलबजावणी करायची एवढेच ते जन्मभर करत आले होते. रोजनाम्यात त्यांनी लिहिले, ‘पंचमीच्या दुसऱ्या दिवशी रावसाहेबांची साक्रीकडे रवानगी.’ शाई वाळेपर्यंत ते त्या पानाकडे बघत राहिले. त्या रात्री त्यांनी जेवायला बसायलाही नकार दिला.

मला एक गोष्ट तीन आठवड्यांपासून ठाऊक होती. निदान मला तसा दाट संशय होता. पेटीची निगा माझ्याकडे होती, कारण ओसरीची झाडलोट माझ्याकडे होती. मी पाहत होते की रावसाहेब दिवसभर उन्हाचा कवडसा शोधत फिरतात. ऊन सरकले की तेही सरकतात, ढग आला की अस्वस्थ होतात. उंदराचा वाससुद्धा त्यांना नको होता. मला माझ्या पहिल्या खेपेचा श्रावण आठवत होता. तेव्हा मी चुलीमागच्या गरम भिंतीला पाठ लावून बसत असे आणि फोडणीचा वास आला की तोंडाला पदर लावत असे. तेव्हाही वैद्य आले होते. तेव्हाही यजमानांनी पुस्तक उघडले होते.

पण हे सांगायचे कोणाला? सासऱ्यांसमोर सून आपल्याविषयीसुद्धा असे काही बोलत नसे. घरातल्या पुरुषांना ती बातमी चिंचा-कैऱ्यांवरून कळायची. यजमानांना सांगून पाहिले. ते म्हणाले, साप अंडी घालतात, आणि याच्या अंगात अंडी असती तर ती बाहेरून हाताला लागली असती. त्यांनी पुस्तक उघडून अंड्यांचे चित्र दाखवले. चित्र चांगले होते.

पंचमीच्या दिवशी चिरायचे नाही, कापायचे नाही, तळायचे नाही, त्यामुळे आम्हां दोघी नणंद-भावजयांचे हात दुपारी रिकामे होते. अक्का पेटीशी जरा अंतर ठेवून बसल्या. पूजेचे हळदकुंकू लावायचे म्हणून त्यांनी मला झाकण उघडायला सांगितले. रावसाहेब उन्हाच्या पट्ट्यात लांब पसरले होते. अक्कांनी हळदीचे बोट तसेच वर धरले.

“हा असा उन्हाला कधीपासून पडतो?”

“आषाढाच्या आधीपासून.”

“आणि खात नाही.”

“वाससुद्धा सोसत नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मातीकडे पाहिले.

“तुला कळलं होतं,” अक्का म्हणाल्या. “मग आबांना का नाही सांगितलंस?”

“काय म्हणून सांगू, अक्का? तुमच्या रावसाहेबांना दिवस गेलेत म्हणून?”

अक्कांनी पदर तोंडाशी धरला. खांदे हलत होते. आई गेल्यापासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या, आणि हसता हसता त्यांनी थोडे रडूनही घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेकऱ्याची बैलगाडी दारात उभी राहिली. आबांनी कोट घातला होता, टोपी घातली होती, आणि ती चांदी उडालेली काठी हातात घेतली होती. पेटी उचलायला ते वाकले तशा अक्का चौकटीत येऊन उभ्या राहिल्या.

“आबा, गाडी परत पाठवा.”

“तूच तर म्हणालीस.”

“म्हणाले होते. बाळंतपणाला आलेल्या लेकीला कोणी माहेरातून काढत नाही.”

आबांनी दचकून अक्कांकडे पाहिले. नजर चेहऱ्यावरून खाली गेली आणि घाईने परत वर आली. “पुन्हा?” ते म्हणाले. “अगं, सहा आहेत ना?”

“मी नाही,” अक्का म्हणाल्या आणि त्यांनी पेटीकडे बोट केले.

आबा काठीवर भार देऊन उभे राहिले. गाडीचे बैल माना हलवत होते. वाटेकरी आकाशाकडे पाहत होता, कारण हा बायकांचा विषय होता. मग आबा माझ्याकडे वळले. दारामार्फत नाही, यजमानांमार्फत नाही, सरळ माझ्याकडे.

“तुला ठाऊक होतं?”

“तीन आठवडे झाले, आबा.”

“मग शेरा का नाही मारलास?”

त्यांच्या रोजनाम्यात सर्वांचे म्हणणे होते. वैद्यांचे, मुलाचे, शेठजींचे, वाटेकऱ्याचे. माझे म्हणणे कोणी विचारले नव्हते आणि मीही ते दिले नव्हते. मी म्हटले, “चुकले.” आबा म्हणाले, “तुझं नाही,” आणि कोट काढून खुंटीला लावला. दुपारी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी त्यांनी झाकून ठेवायला सांगितली, संध्याकाळी लागेल म्हणून.

त्यानंतर आबा दिवसभर पेटी उन्हाबरोबर सरकवत. अक्कांनी आपले परतणे लांबवले. बाळंतपण टाकून कसे जायचे, असे त्यांनी पिंप्राळ्याला कळवले. कोणाचे ते कळवले नाही, त्यामुळे तिकडून कोणीतरी डिंकाचे लाडू पाठवले. ते आम्ही खाल्ले. गल्लीतल्या लोकांना काही सांगितले नव्हते. नारळ येतच होते.

नवव्या दिवशी सकाळी आबांनी मला नावाने हाक मारली. पेटीत सहा पिले होती. अंडी नव्हतीच, करंगळीएवढ्या जाडीची जिवंत पिले, तांबूस रंगाची, शेपटाकडे काळे पट्टे असलेली. यजमान धावत जाऊन पुस्तक घेऊन आले. काही जातीचे साप अंडी न घालता पिले देतात, हे त्यात स्पष्ट दिले होते. फक्त ती पाने जोडलेलीच राहिली होती. छापखान्यातून आल्यापासून ती कोणी चाकूने सोडवली नव्हती.

शेठजी आले, पेटीत पाहिले, हात जोडले आणि एवढेच म्हणाले की चला, घरात लक्ष्मी आली. माणूस मनाने मोठा. वाटेकऱ्याने एकेक पिलू उचलून दोन्ही टोके तपासली आणि लहानपणी एकच तोंड असते, दुसरे पुढे फुटते, असे सांगितले. पिले तो पोळ्याच्या आधी शेतात नेऊन सोडणार होता. रावसाहेब आमच्याकडेच राहायचे ठरले. नाव बदलावे का असे अक्कांनी विचारले, तेव्हा आबा म्हणाले की पदवी एकदा दिली की परत घेता येत नाही. ऑनररी मॅजिस्ट्रेटांचे भाषण त्याच आठवड्यात एका साप्ताहिकात छापून आले. त्यांना कोणी काही कळवले नाही.

त्या दिवशी आबांनी भरीत मागून घेतले आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी मी आग्रह न करता वाढली, तीही गेली. पुढे बारा-तेरा वर्षे ते माझ्याशी बोलत राहिले, बहुतेक जेवणाबद्दलच.

आबा गेल्यावर तो रोजनामा माझ्याकडे आला. त्या वर्षीच्या पोळ्याच्या दिवसाची नोंद अशी आहे: ‘रावसाहेबांनी दोन उंदीर घेतले. पुढील तोंडाने. मागे तोंड नाही, शेपूट आहे. समक्ष खात्री केली. चातुर्मास संपण्यास दोन महिने बाकी.’